यादी ताजी केली का?

अन्वर गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणला रामवाडीतल्या आमच्या कामाच्या खोलीत सर्व्हर का अडकलाय ते बघत बसले होते. खाली गणपतीच्या कारखान्यात पॉलिश पेपरची खरखर चालली होती. फोन रोह्याजवळच्या वरशाहून, झुबेदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "गेला गो तुझा दोस्त," ती म्हणाली. "सकाळी चहा मागितलान. मी घेऊन आले, तर..." एस.टी.त बसले तरी मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. रोहा आलं, सगळे उतरले, आणि मला जागचं उठवेना. कंडक्टर म्हणाला, "ताई, हितंच संपते गाडी." मग उतरले. त्याला मातीला घेऊन गेले तेव्हा मी झुबेदाजवळ बसून होते. ती मधूनच म्हणायची, "त्याच्या मोबाईलचा आवाज बंद कर गो, सारखा वाजतोय."

रोह्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. नंतर तो आखातात गेला, बरीच वर्षं राहिला, आणि एक दिवस कंटाळून परत आला. जवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत हवा-पाणी तपासायच्या विभागात लागला. भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गो पेणवाले, जिवंत हायस ना?" त्याच सुमारास लोक मोबाईलवरून वासाच्या तक्रारी करायला लागले होते. एका ॲपवर त्याला 'वास' म्हणत, दुसऱ्यावर 'दुर्गंधी', तिसऱ्यावर थेट 'वायुप्रदूषण'. वास एकच, पण ॲपांना एकमेकांचं काही कळत नसे, म्हणून प्रत्येक ठिकाणी ती कुणा एकट्यादुकट्याची कुरकुर ठरायची. अन्वरला याचा भयंकर संताप. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गावात पाण्याची टाकी एक असते ना? मग शब्दांची का नको?"

मी तेव्हा पेणमधल्या दुकानदारांना बिलांचे प्रोग्रॅम करून देत होते आणि माझं बरं चाललं होतं. कशाला याच्या नादी लागले, असं पुढे कितीदा तरी वाटलं. पण लागले खरी. हवा, पाणी, माती, खाडी यांबद्दलच्या शब्दांची एकच यादी आम्ही केली. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक, त्याचा ठरलेला अर्थ, आणि त्याच अर्थाने गावोगावी बोलले जाणारे दुसरे शब्द. यादी आमच्या सर्व्हरवर. कुठल्याही ॲपने इंटरनेटवरून विचारायचं, हा शब्द कशात मोडतो, आणि आमच्या वेब सर्व्हिसने तिथल्या तिथे सांगायचं. शब्द अन्वर जमवायचा, प्रोग्रॅम मी लिहायचे. एकेका शब्दावर तो तासन्‌तास घालायचा. खाडीचं पाणी गढूळ झालं आणि काळं झालं यात काय फरक, यावरून आम्ही भांडलोय. अक्षरशः भांडलोय... दोन-तीन दिवस बोलणं बंद!

ॲप करणारे एक चूक हमखास करायचे. यादी एकदा उतरवून घ्यायची आणि पुन्हा कधी विचारायचंच नाही. दर वेळी विचारत बसलं की ॲप हळू चालतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या यादीत सुरुवातीला 'खांड' हा शब्द 'पूर' या सदरात होता. खांड म्हणजे खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड. नदी शांत असली तरी उधाणाला त्यातून खारं पाणी शेतात घुसतं, तेव्हा ते पुरात मोडत नाही. अन्वरच्या लक्षात आल्यावर त्याने खांड वेगळी काढली. पण एका ॲपकडे जुनीच यादी राहिली होती. पेणच्या खाडीकाठच्या एका गावाने खांड गेल्याचं कळवलं, ॲपने ते पूर म्हणून नदी बघणाऱ्यांकडे धाडलं, त्यांनी नदी बघितली, ती आपली नेहमीसारखी वाहत होती. तक्रार निकालात निघाली. तोवर शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली.

अन्वर तिथे गेला, मलाही नेलं. बांधावर एक म्हातारी उभी होती. त्याने तिला यादीचं समजवायला सुरुवात केली. "भात गेला माजा खाऱ्या पान्यात," ती म्हणाली. "तुजे यादीचा मी काय करू?"

त्यानंतर त्याने फोन सुरू केले. दर महिन्याच्या सुरुवातीला, आमची यादी वापरणारी ॲप चालवणाऱ्या प्रत्येक कार्यालयात स्वतः फोन. "यादी ताजी केली का?" ते त्याला कंटाळले. कोणी फोन उचलत नसे, कोणी साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगे. मी चिडवायचे, "तू वेब सर्व्हिस नव्हेस, वसुली अधिकारी आहेस." तो म्हणायचा, "मशीन विचारते, पन त्यांना मशीनची लाज वाटत नाय. मानसाची थोडी वाटते." आणि पुढचा नंबर लावायचा.

तो गेल्यावर मी हे सगळं बंद करायचं ठरवलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच आला होता. मला या कामात ओढलं, आणि आता हा डोलारा माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून निघून गेला. सेवा बंद करत आहोत, असा मजकूरही लिहून ठेवला होता. फोन करून लोकांना टोचत राहणं माझ्या स्वभावात नाही, आणि टोचल्याशिवाय ही यादी चार-सहा महिन्यांत शिळी होणार हे मला चांगलं ठाऊक होतं. मग पुन्हा कुठे तरी खांड जाणार आणि कोणी तरी नदी बघायला जाणार... त्यापेक्षा नसलेली बरी.

गेल्या आठवड्यात खोलीतला फोन वाजला. एका कार्यालयातल्या बाई होत्या. अन्वरला 'नंतर करा' म्हणून फोन ठेवणाऱ्यांपैकीच एक.

"या महिन्यात अन्वरभाईंचा फोन नाही आला," त्या म्हणाल्या. "रजेवर आहेत का? मी म्हटलं, आपणच यादी ताजी करून टाकावी."

मी त्यांना तो गेल्याचं सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"यादी केली मी," मग त्या म्हणाल्या. "पण एक अडलंय. इथे एकाने लिहिलंय, शेतात मीठ फुटलंय. ते मातीत घालायचं की पाण्यात? तुमच्या यादीत मिळत नाहीये."

खरंच नव्हतं. मी सगळं चाळून बघितलं. डोकं चालत नव्हतं. त्या बिचाऱ्या वाट बघत होत्या.

"थांबा हं," मी म्हणाले, "अन्वरला विचारून सांगते."

त्या हळूच म्हणाल्या, "चालेल. थांबते मी."