एका नाकपुडीचा उपास

"ताई गेली," एवढंच हे फोनवर म्हणाले. मी शाळेत वर्गावर होते. आदल्या संध्याकाळपर्यंत वन्संनी भिवंडीतला आपला दवाखाना चालवला होता. माझ्या या थोरल्या नणंदेला आजारी पडायला कधी सवडच नव्हती. गेल्या त्याही झोपेत, कुणाला तसदी न देता.

दवाखाना यंत्रमागांच्या गल्लीत. हवेत कापसाचे तंतू, त्यामुळे नाकं बारा महिने गळकी. "डॉक्टरनी, सुई लगा दो, शिफ्ट है," असं कुणी म्हणालं की वन्सं हसायच्या. "सुई से जुकाम नहीं डरता, भाई. गरम पानी पियो, भाप लो." पेशंट तणतणत शेजारच्या दवाखान्यात जाई. शाळा सुटल्यावर मदतीला गेलेली मी चिडायचे, त्या मात्र जो थांबेल त्याला शेंबडाची थोरवी ऐकवत. नाक एरवीही दिवसभर शेंबूड करतं, आपण तो नकळत गिळतो. सर्दीत आतलं अस्तर सुजतं आणि जंतू धुऊन काढायला तो जास्त होतो. पिवळा-हिरवा झाला तर त्यात जंतूंशी लढलेल्या आपल्याच पेशी असतात, लगेच अँटिबायोटिककडे धावू नये. वाफेनं, गरम पेजेनं तो सैल होतो, आराम पडतो. सर्दी जाते ती तिच्या वेळेनंच. हे व्याख्यान घरी जेवतानाही चाले आणि आमचे हे ताट उचलून बाहेर जात!

खारबावच्या हौसाकाकू आल्या तेव्हा मात्र वन्सं हसल्या नाहीत. काकू लोकांना वर्षाचा मसाला भाजून देत. मिरची, धणे कुठवर भाजले हे त्या नाकानंच ओळखत. सर्दीत कुणीतरी दिलेले नाकातले थेंब त्यांनी सुरू केले ते सोडलेच नाहीत.

"बाय, मना वासच येत न्हाय. दोन घाणे करपले. आता कोन देल मना मिरच्या?" काकू रडायलाच लागल्या.

वन्संनी समजावलं, थेंबांनी आतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून मोकळं वाटतं. रोज घातले की त्यांचा असर उतरताच नाक आणखी सुजतं. काकूंनी बाटली पदराखाली लपवली.

"सोमवार करता ना, काकू? आता डाव्या नाकपुडीला उपास. उजवीला थेंब चालतील."

उपास म्हटल्यावर काकूंना मोडवेना. घुसमटत, तोंडानं श्वास घेत त्यांनी तो पाळला. वन्सं रोज फोनवर धीर देत. डावी सुटली, मग उजवीचा उपास. मसाल्याचा हंगाम तोंडावर आला होता. एका सकाळी काकू दवाखान्याच्या पायरीवरूनच ओरडल्या, "बाय, तुझ्या चायमदी आलं हाय!" वन्सं खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागल्या. तेव्हा मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

गेल्या रविवारी दवाखाना आवरायला गेले. बातमी कळून काकूही आल्या होत्या. वन्संचा पांढरा कोट खुंटीवर तसाच होता. काकूंनी तो नाकाशी धरला आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग माझ्या हातात देत म्हणाल्या, "बग, बायचा वास हाय अजून."

मी कोट तोंडाशी घट्ट धरला... रडून रडून माझं नाक चोंदलं होतं. मला कसलाच वास येईना. वन्संच्या खुर्चीत कोट मांडीवर घेऊन मी नाक मोकळं होण्याची वाट बघत बसले.