मामांच्या अँबॅसडरचा इन्शुरन्स

गेल्या मंगळवारी भर दुपारी आमच्या दारात अँबॅसडरची डिकी उघडली. सगळं जमत आलेलं... आणि डिकीने घात केला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना मामा म्हणतो, गल्ली सर म्हणते, कारण अर्धी गल्ली त्यांच्याकडे गणित शिकलीय. कुणाचंही लग्न असो, नवरा-नवरी याच गाडीत आणि स्टेअरिंगवर स्वतः मामा.

यंदा इन्शुरन्स संपला आणि मामांनी चावी कपाटात ठेवून दिली. कागद नाही तर गाडी नाही, विषय संपला. इकडे समोरच्या यल्लप्पाकाकांच्या पद्माचं लग्न आठवड्यावर... आणि पोरीचा लहानपणापासून एकच हट्ट, सासरी जाणार ते सरांच्या गाडीतूनच.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे हात वर केले, मग मीच मोबाईल घेऊन बसले. ऑनलाइन फॉर्ममध्ये कितीही खाली गेलं तरी आमच्या गाडीचं सालच येईना! फोन केले तर एक म्हणाला एवढी जुनी गाडी घेत नाही, दुसऱ्याने असा आकडा सांगितला की मी 'बरं बरं' म्हणून फोनच ठेवला.

शेवटी मामांच्या पेन्शनीत बसेल असा रेट देणारा एक एजंट मिळाला. अट एकच... कंपनीचा माणूस गाडी बघून जाणार आणि गाडी घरगुती वापराची पाहिजे. भाड्याने देत असाल तर रेट दुसरा, आणि तो आम्हाला झेपणारा नव्हता.

तर ते साहेब आले. इंजिन बघितलं, फोटो काढले, सगळं ओके. मग डिकी उघडली... आत टॉवेल, टोप्या आणि नारळ गच्च भरलेले.

आता सोलापुरात लग्नात मान द्यायचा म्हणजे टॉवेल-टोपी आलीच. मामांना प्रत्येक लग्नात मिळते आणि ते ती डिकीत टाकून विसरतात. पण साहेबांना काय माहीत? त्यांनी विचारलं, "वहिनी, गाडी लग्नाला देऊन भाडं घेता का?"

मी 'छे हो' म्हणेपर्यंत मागून मामा म्हणाले, "घेतो की! प्रत्येक लग्नात टॉवेल-टोपी घेतो. खोटं कशाला बोलायचं?"

मी कपाळावर हात मारला. अहो मामा, कुठे काय बोलावं!

तेवढ्यात यल्लप्पाकाका धावत आले. "साहेब, त्ये भाडं न्हाय हो, आहेर हाय! सर तर पेट्रोलचं पण घेत न्हाईत." यावर मामा उलट काकांवरच चिडले, पोरीच्या लग्नात कुणी पेट्रोलचे पैसे घेतं का म्हणून. साहेब हसायलाच लागले. गाडी भाड्याने देणार नाही असं त्यांनी मामांकडून लिहून घेतलं आणि घरगुती वापर म्हणून पास केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी पॉलिसी आली. मी तर देवापुढे साखरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला पद्मा गाडीत बसली, काका टॉवेल-टोपी घेऊन पुढे आले... आणि मामांनी हात जोडले. "आता नाही, यल्लप्पा. लिहून दिलंय मी."

काकांचा चेहराच उतरला. पोरगी निघालीय, सगळे पाहुणे बघतायत आणि सरांनी आहेर नाकारला! मला तर मामांचा इतका राग आला म्हणून सांगू...

मग काका सरळ गाडीपुढे गेले, बॉनेटवर टॉवेल पसरला, वर टोपी ठेवली, कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

"तुमाला न्हाय सर, गाडीला केलाय आहेर. तिनं कुटं लिहून दिलंय?"

आख्खा मांडव हसला. मामाही हसले, आणि हसता हसता बॉनेटवरचाच टॉवेल उचलून डोळे पुसले.

त्या इन्शुरन्सवाल्या साहेबांचे मनापासून आभार. पुढच्या वर्षीचं रिमाइंडर मी आत्ताच लावून टाकलंय.