पळसाच्या रानातील हजेरी
भाजलेल्या पळसपानाचा वास आला की डोंगरकड्याजवळच्या आमच्या शेतातली मार्गशीर्षातली ती संध्याकाळ आठवते. पळसपानांत गुंडाळून पानगे भाजायचे होते, म्हणून दोन्ही मुलींना घेऊन मी शेतामागच्या रानात गेले होते. पान देठासह खुडावे, म्हणजे ते फाटत नाही, हे मी त्यांना दाखवले. झाडी दाट असल्याने एक नियमही घालून दिला: मी ‘हजेरी’ म्हणताच थोरलीने ‘एक’ आणि धाकटीने ‘दोन’ म्हणायचे. परतताना डोक्यावरच्या भाऱ्यामुळे मागे वळता येत नव्हते. मी तीनदा हजेरी घेतली. तिन्ही वेळा मागून दोन्ही आकडे स्पष्ट ऐकू आले. शेतात पोहोचले, तर धाकटी तिच्या वडिलांजवळ बसून कणीक थापत होती. “ही कधी आली?” मी विचारले. “कव्हाचीच! कंटाळली अन् बांधावरून पळत आली. काहून?” मी मागे पाहिले. थोरली एकटीच उभी होती. माझा पदर घट्ट धरून ती हळूच म्हणाली, “आई, आता हजेरी घेऊ नको.” मुली आता मोठ्या झाल्या आहेत. पानगे दरवर्षी होतात. पाने आणायला मी एकटीच जाते, आणि खुडलेली पाने मनातल्या मनातच मोजते.