अप्पांच्या मशीनचा काळा फिल्टर

तीन आठवड्यांत अप्पांचा चौथा फिल्टर काळा पडला, तेव्हा आमच्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“एक फिल्टर महिनाभर तरी चालायला पाहिजे ना रे?”

“हो शेठ.”

“मग हे लोक मशीन चुलीत ठेवतात का काय?”

लातूरला मेडिकल इक्विपमेंटच्या दुकानात मी सर्व्हिस इंजिनियर आहे. माझं बरंचसं काम सीपॅपचं. झोपेत काही लोकांचा घसा आतून मिटतो, श्वास अडतो, मग दचकून जाग येते. रात्रभर हेच चालतं आणि माणूस दिवसा पेंगतो. सीपॅप नळीतून नाकाला सतत हवेचा दाब देतं, त्यामुळे घसा उघडा राहतो. मशीन हवा तयार करत नाही, खोलीतलीच ओढून घेतं. ती गाळायला मागच्या बाजूला काडेपेटीएवढा पांढरा फिल्टर असतो. बस, एवढंच.

शिवलिंगअप्पा अहमदपूरचे, एसटीचे ड्रायव्हर. एकदा रेल्वे फाटकापाशी बस उभी होती, तिथं त्यांचा डोळा लागला. फाटक उघडलं, मागून हॉर्नचा कल्ला झाला, तरी बस हलेना. शेवटी कंडक्टरनं हलवून उठवलं. त्या दिवसापासून स्टेअरिंग बंद. डॉक्टरांनी सांगून टाकलं की महिनाभर रोज किमान चार तास मशीन लावल्याचा रिपोर्ट दाखवा, तरच फिटनेसचं पत्र देतो. रिपोर्ट मशीनमधल्या कार्डात आपोआप उतरतो आणि दुकानात आम्हालाही दिसतो, तिथं थापा चालत नाहीत.

अप्पांचं कार्ड दीड तासाच्या पुढं जात नव्हतं.

“नाक चुरचुर करायलंय साहेब,” ते फोनवर सांगायचे. “खोकला येतो, मग मास्क काढून ठेवतो.”

मी विचारलं, “खोलीत धूर असतो का? बिडी, सिगारेट?”

“न्हाई. जन्मात वढली न्हाई.”

“मच्छर कॉइल?”

“मच्छरदाणी हाय.”

मी म्हणालो, बाहेर सोयाबीनची मळणी चालू असेल, तोच भुसा येत असणार. खिडकी बंद ठेवा. त्यांनी ठेवली. खोकला वाढला. मी म्हणालो, हवा ओलसर करायला मशीनला जी टाकी असते, तीत उकळून गार केलेलं पाणी घाला. घातलं. कार्ड एका तासावर आलं. माझ्या सल्ल्यानं माणूस रोज थोडा थोडा आजारी पडत होता आणि महिना संपायला नऊ दिवस उरले होते. शेवटी दुपारची बस पकडून मी अहमदपूर गाठलं.

खोली बघून मीच ओशाळलो. आमच्या ऑपरेशन थिएटरवाल्या गिऱ्हाईकांनी येऊन शिकावं इतकी स्वच्छ. फरशी नुकती पुसलेली, पांघरुणं उन्हात घातलेली. मशीन स्टुलावर, त्यावर धुतलेला रुमाल. त्यांच्या बायकोनं, महानंदाकाकूंनी, चहा आणला. अप्पा कॉटवर बसून होते.

“डेपोत मला टायरं मोजायला बसवलं हाय,” ते म्हणाले. “सव्वीस वर्सं गाडी चालविली साहेब. पोरं मला बघून हसायलीत.”

मला फार वाईट वाटलं. मी फिल्टर काढला. काळाकुट्ट, आणि कडेला लालसर. का कोण जाणे, मी तो नाकाशी नेला. मोगरा!

“अप्पा, झोपताना अत्तर लावता का?”

अप्पा भडकले. “ह्या वयात? कुणासाठी?”

काकू पदरात हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या आणि आतून एक वही घेऊन आल्या. “तुम्ही दाखविलं तसंच करायलोत साहेब. एक बी गोष्ट सोडली न्हाई. हे बघा.”

वहीत सुबक अक्षरात लिहिलं होतं:

१. टाकीत पाणी.
२. मशीनला हळदीकुंकू.
३. मागच्या अंगाला दोन उदबत्त्या.
४. मास्क.
५. बटन.
६. फोटो. (रोज काढायचा का, साहेबाला इचारणे.)

माझा चहा तिथंच थांबला.

आमच्या शेठचा नियम आहे. मशीन कुणाच्या घरी बसवलं की हळदीकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची आणि फोटो शेठच्या स्टेटसला टाकायचा. अप्पांकडे मीच पूजा केली होती. उदबत्त्या पुढं लावल्या तर डिस्प्ले फोटोत नीट येत नव्हता, म्हणून त्या मागं खोचल्या होत्या. मागं म्हणजे हवा आत जाते तिथं, बरोबर फिल्टरच्या तोंडाशी.

“पण मी धुराचं विचारलं होतं ना, अप्पा!”

“उदबत्तीला धूर कोण म्हणतंय?” अप्पा म्हणाले. “आमी तर गाडीला बी लावतो, मग स्टार्टर मारतो. मला वाटलं, तुमच्यात बी तसंच असतंय.”

दुकानातल्या माझ्या टेबलावर रोज सकाळी उदबत्ती जळते. मलाही ती कधी धूर वाटली नव्हती.

मी काकूंकडून पेन मागून घेतलं आणि दोन, तीन, सहा खोडले. मशीन ओल्या फडक्यानं पुसलं, नळी धुऊन वाळत घातली, नवा फिल्टर बसवला. खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

“मग पूजा?” काकूंनी विचारलं. “इतकं महागाचं मशीन, जीव वाचवतंय.”

“सकाळी बंद असताना एक फूल वाहा. उदबत्ती देवाला, बाहेरच्या खोलीत.”

पुढच्या आठ दिवसांत कार्ड साडेसहा तासांवर गेलं. आधीच्या दिवसांचं काय, हा प्रश्न होताच. मी डॉक्टरांसमोर उभा राहून चूक माझी असल्याचं कबूल केलं. ते इतके हसले की पेन खाली पडलं. मग त्यांनी अजून एक महिना वाढवून दिला, आणि तो नीट पार पडल्यावर पत्र दिलं. त्या दिवशी अप्पांचा फोन आला. “नांदेडची गाडी मिळाली साहेब,” ते म्हणाले.

शेठ मात्र आधी मानायला तयार नव्हते. “उदबत्ती न लावता मशीन द्यायचं म्हणजे कसं वाटतं ते?” शेवटी फुलावर तडजोड झाली. फॉर्मवर आता एक नवा प्रश्न आहे: ‘मशीन चालू करण्याआधी काय काय करता?’ उत्तरं वाचण्यासारखी असतात.

आणि डेमो देताना मी आता नाकसुद्धा खाजवत नाही. घरातलं कुणी ना कुणी वही घेऊन बसलेलं असतं.