पाण्याचा रकाना

बाई कुठल्याही नव्या जागी गेल्या की आधी भरलेला पेला जमिनीवर ठेवायच्या आणि त्याच्याकडे बघत बसायच्या. न्हावऱ्याला माझ्या वस्तीवर पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी हेच केलं. आमच्या मंडळींनी तांब्या-पेला पुढे केला. बाईंनी पेला काठोकाठ भरून घेतला, अंगणाच्या कडेच्या दगडी खोलीत गेल्या, तो फरशीवर ठेवला आणि समोर मांडी घालून बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाण्याला तोंड काही लावलं नाही.

माझं डोकं तापलं. माझ्या आज्यानं खोदलेल्या विहिरीचं ते पाणी. उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांच्या बाया हंडे घेऊन याच विहिरीवर येतात.

"बाई, प्यायचं नसंल तर तसं सांगा," मी म्हणालो. "आमच्या घरचं पाणी बघायला न्हाई ठिवलेलं."

"थांबा हो आबा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हलतंय का बघते."

मग त्यांनी पेला उचलला, एका दमात रिकामा केला आणि पदरानं तोंड पुसलं. "गोड आहे. खोली देता का?"

बाई डॉक्टर होत्या, पण सुई टोचणाऱ्या नव्हेत. वडील दौंडला रेल्वेत गार्ड होते. बाईंनी उभी हयात समुद्रकाठच्या एका संस्थेत घालवली. जहाजावरून जायचं, समुद्राच्या तळाचा चिखल वर काढायचा आणि त्यात कुठली माती आहे ते शोधायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शेवटचं काम पुरं करायला संस्थेची परवानगी घेऊन त्या थोडा चिखल सोबत घेऊन दौंडच्या वडिलांच्या घरी आल्या. पण ते घर रुळांच्या मागं. मालगाडी गेली की भांडी वाजायची, आणि काचेच्या नळीत निवळत ठेवलेला चिखल ढवळून निघायचा. म्हणून त्या न हलणारी जमीन शोधत फिरत होत्या. केंदूर बघितलं, तळेगाव ढमढेरे बघितलं. कुठं गिरणी आडवी आली, कुठं वाळूचे ट्रक. माझ्या बापानं बी-बियाण्यासाठी बांधलेल्या हातभर जाड भिंतींच्या खोलीत त्यांच्या पेल्यातलं पाणी हललं नाही, म्हणून आमची गाठ पडली.

मी चौथी शिकलेला माणूस. वाचता येतं, पण लिहायला बसलं की हात जड होतो. तरी बाईंनी मला कामाला लावलं. "तुमचा हात स्थिर आहे आबा. कॉलेजात शिकलेल्यांचा नसतो," असं म्हणाल्या, आणि मी फुगलो.

काम म्हटलं तर सोपं. चिखल आधी धुवायचा, समुद्राचं मीठ निघून जाईपर्यंत. मग उंच काचेच्या नळीत पाण्यात घोळवून ठेवून द्यायचा. जाड रेती लगेच खाली बसते. बारीक माती पाण्यात तरंगत राहते, गढूळ धुक्यासारखी. चार तास हात लावायचा नाही. मग वरचं चार बोटं पाणी नळीनं अलगद ओढून काचेच्या पट्टीवर सोडायचं आणि सावलीत वाळवायचं. ती पट्टी पुण्याला अनघाकडं जायची. अनघा बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिच्याकडच्या मशीनमधून कळायचं, माती कुठल्या जातीची ते.

ते चार तास आमच्या वस्तीवर कुणाला मोठ्यानं पाय आपटायची सोय नव्हती. मी मंडळींना मिरच्या कुटू देईना.

"समुद्र झोपलाय व्हय खोलीत?" ती म्हणायची. "लेकरं तान्ही हुती तवा कवा म्हणाला न्हाई, कमले हळू कुट."

बाई आतून हसायच्या. "कमलताई, तुमची लेकरं रडून परत झोपली असतील. ही माती एकदा उठली की पुन्हा चार तास."

गावात त्यांचं नाव चिखलवाल्या बाई पडलं. पारावर मला विचारायचे, "आबा, मासं गावलं का न्हाई अजून?" मी पुढं चालू लागायचो. मला ठाऊक होतं त्या खोलीत काय आहे ते.

बाईंनी एकदा समजावलं होतं. "तुमच्या वस्तीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत किती वेळ लागतो?"

"आर्धा तास."

"तेवढं अंतर उभं करा. तेवढ्या पाण्याखाली अंधार आहे. तिथं जमिनीला भेगा आहेत, त्यातून उकळतं पाणी वर येतं. दगड त्यात शिजतो, आणि शिजता शिजता त्याची माती होते. हिरवट, लोखंड असलेली." त्यांनी बोटभर चिखल माझ्या तळहातावर ठेवला. मी तो चोळला. बोटांना लोण्यासारखा लागला, आणि ओळखीचा वाटला.

"ही तर आमच्या रानातली काळी, बाई. पाणी प्याली की फुगती, उन्हात भेगाळती."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "हे कळायला मला दोन वर्षं लागली होती. एकाच घराण्यातल्या आहेत दोघी."

त्यांचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर अडकलं होतं. अशा भेगांजवळच्या एका जागचा हिरवा चिखल तळाशीच जन्मला, की नद्यांनी जमिनीवरून वाहून नेला? बाईंनी फार पूर्वी लिहिलं होतं, तिथंच जन्मला. त्यांच्या शास्त्रातली मोठी माणसं म्हणाली, वरच्या थरांवरून कसं सांगता, खालचा थर दाखवा. खालचा थर एवढासाच हाती आला होता. एका डबीत, चमचाभर. परत जहाज घेऊन तिथं कोण जाणार? बाई तो शेवटी करायचा म्हणून राखून होत्या. "हात बसला पाहिजे आधी," म्हणायच्या.

त्यांची एक जाडजूड वही होती. प्रत्येक चिखलाला एक ओळ. कुठला थर, किती वाजता ढवळला, खोली किती गार, पाणी कुठलं. पाण्याच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द असायचा, "कॅन". बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी दौंडहून जीपनं यायचं. एकदा मी विचारलं, आमचं पाणी इतकं गोड, ते का चालत नाही?

"प्यायला गोड आहे आबा. पण त्यात चुनखडी आहे. मातीला चालत नाही. ती गोळा होऊन खाली बसते."

"चुनखडी? माझ्या विहिरीत?"

"तुमच्या विहिरीत."

मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. आज्याच्या विहिरीला कुणी नाव ठेवलेलं मला आजही खपत नाही.

वहीत मी एकदा चुकीची वेळ सांगितली. त्यांनी ती लिहिली. नंतर मी म्हणालो, खोडा ते, साडेनऊ व्हते. बाईंनी पेन बाजूला ठेवलं. "खोडायचं नाही आबा. चुकलं तर खाली लिहायचं. खोडलेल्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही." खालच्या ओळीत त्यांनी लिहिलं, "वरील वेळ चुकली, साडेनऊ." मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा किती सोस.

पुढं बाईंचा रंग उतरायला लागला. पोटात गाठ होती. ते त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं, तेही मंडळींनी लावून धरलं म्हणून. दर महिन्याला दौंडहून गाडीनं पुण्याला जायच्या, आल्या की दोन दिवस खाटेवर. तेव्हाही एकच घोर, "तो चमचा राहिलाय आबा."

शेवटी त्यांनी ती डबी उघडली. पहिली धुणी स्वतः केली. नंतर हात कापायला लागला, तेव्हा म्हणाल्या, "आता तुम्ही करा. मी पडते जरा."

मी धुतलं. नळीत घातलं. नळी भरायला गेलो तर कॅनमधलं पाणी संपलं. नळी दोन तांबे उणी. जीप दुसऱ्या दिवशी येणार होती. थांबता आलं असतं. बाईंना हाक मारता आली असती. पण मी विहिरीवर गेलो, पाणी शेंदलं, धुवट धोतराच्या सोग्यातून गाळलं आणि नळी भरली. दोन तांब्यांनी काय होतंय, असं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मनात दुसरंच होतं. बघू तर खरं, माझ्या विहिरीत काय खोट आहे ते.

तासाभरात नळीतलं पाणी नितळ झालं. फाटलेल्या दुधासारखी माती गोळा होऊन तळाला बसली.

बाई भिंतीला धरून आल्या. स्टुलावर बसून नळीकडं बघत राहिल्या. मग मला विचारलं, "पाणी कुठलं घातलं, आबा?"

"कॅनचंच," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं. मातीच तसली आसंल."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी नजर भिंतीला लावली. "बरं," म्हणाल्या. वही मांडीवर घेऊन काहीतरी लिहिलं आणि मिटली. वर्षभरात त्या मला कधी उणा शब्द बोलल्या नव्हत्या, त्या दिवशीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता खरं बाहेर पडलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना पुण्याला दवाखान्यात नेलं. पंधरवड्यानं मी भेटायला गेलो. एसटीत सगळा वेळ वाक्य जुळवत होतो. बाई, मी विहिरीचं घातलं. एवढंच तर म्हणायचं होतं. खाटेवर बाई होत्या त्याच्या अर्ध्याच दिसल्या. कमलताई कशा आहेत, विहिरीला पाणी किती, सगळं विचारलं. विहिरीचं नाव निघालं तेव्हा तरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "सात-आठ परस खोल पाणी हाय." बस. उठलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"आबा, ती नळी ओतून टाकू नका हं."

"न्हाई वतत."

"आणि हलवू नका."

आठवड्यानं त्या गेल्या. अनघाचा फोन आला तेव्हा मी उसाला पाणी देत होतो. बारं तसंच फुटून वाहत राहिलं. संध्याकाळी मंडळींनी मिरच्यांचं पातेलं उखळाशी आणलं आणि तशीच बसून राहिली. आता कुटायला कुणाची आडकाठी नव्हती. तिनं कुटल्या नाहीत.

दिवस झाल्यावर अनघा सामान न्यायला आली. काचा कापडात बांधल्या, पट्ट्या मोजल्या. नळी तिथंच उभी होती, तळाला हिरवट गोळा, वर नितळ पाणी. अनघानं वही उघडून शेवटची ओळ वाचली.

"गंमतच आहे. मॅडमनी सगळं भरलंय, थर, वेळ, खोलीची गरमी. पाण्याचा रकाना मोकळा. असं त्या कधी ठेवत नसत." तिनं पेनाचं टोपण काढलं. "कॅनचंच असेल. लिहून टाकते."

"थांबा," मी म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की मंडळी बाहेरून धावत आली. "लिहू नका. कॅनचं न्हाई त्ये."

मग मी सगळं सांगितलं. माझ्या बायकोसमोर, एका परक्या पोरीसमोर. अनघानं पेन खाली ठेवलं. मंडळी म्हणाली, "म्हंजी बाईंना ठावं व्हतं. तुमच्यासाठी जागा ठिवली त्यांनी." आणि तोंडाला पदर लावला.

अनघानं वही माझ्यापुढं सरकवली. "मग तुम्हीच लिहा, आबा."

बाईंचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. त्या रांगेत मी माझी वेडीवाकडी अक्षरं बसवली. "विहिरीचं. दोन तांबे. मी घातलं, खोटं बोललो." खाली नाव लिहिलं. घामानं बोटं ओली झाली होती.

"माती गेली का हो वाया?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चुना धुऊन निघाला की परत उठेल. मॅडमना हे ठाऊक होतं. म्हणून तर ओतू नका म्हणाल्या."

त्या दिवशी दौंडहून नवा कॅन मागवला. वरचं पाणी अलगद काढायचं, कॅनचं घालायचं, ढवळायचं, निवळू द्यायचं. अनघा दोन दिवस वस्तीवर राहिली. पहिल्या धुण्याला माती गोळा होऊन बसली. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही. चौथ्याला जराशी रेंगाळली. पाचव्या पाण्यात ती बसलीच नाही. नळीभर हिरवट धुकं उभं राहिलं. मी स्टुलावर चार तास बसलो, जागचा हललो नाही. वरचं चार बोटं पाणी मीच ओढलं, पट्टीवर सोडलं. हात कापला नाही. हे बघायला ज्यांनी बसायला हवं होतं त्या बाई नव्हत्या. वहीत खालच्या ओळीवर लिहिलं, "पाच पाण्यांनी धुतली. उठली."

महिन्याभरानं अनघाचा फोन आला. "आबा, मॅडमचंच खरं. तिथंच जन्मलेली माती. वाहून आलेली नाही."

"बाईंना..." एवढं माझ्या तोंडून गेलं, आणि पुढं कुणाला सांगायचं ते सुचेना.

मग ती म्हणाली, "आता हे सगळं मोठ्या लोकांकडं जाईल, वहीसकट. तुमची ती ओळ आहे ना, विहिरीची. नंतर सगळं नीट झालंच आहे. ते पान नव्यानं लिहून काढू का? उगाच तुमचं नाव तसं..."

मी दगडी खोलीच्या दारात उभा होतो. आत फरशीवर नळीच्या बुडाचा गोल डाग अजून होता.

"नको," मी म्हणालो. "बाई खोडत नव्हत्या."