टाकीच्या वळणावरचा धक्का

नवऱ्याला गाडी मी शिकवली, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा त्याच्याकडे लायसन्स होतं, पण पुलाच्या चढावर गाडी बंद पडली की हा दार उघडून निमूट माझ्या बाजूला यायचा. मी त्याला क्लच शिकवला, आरसे बघायला शिकवलं, आणि त्याला वेगाची गोडी लागली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! बँकेच्या काउंटरवर सहा दिवस बसणाऱ्या मला रविवारी सोबत मिळाली.

दर रविवारी सकाळी आम्ही शिरढोणच्या अलीकडे, हायवेलगतच्या कार्टिंग ट्रॅकवर जायचो. कार्ट म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच, बिनछपराची छोटी गाडी. डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला गॅस, संपलं. ट्रॅकचे मालक पनवेलचेच, कोकणी मुसलमान. आखातात अशाच ट्रॅकच्या गॅरेजात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. सोसायटीत पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर जाणारे लोक चाचांसमोर शाळेतल्यासारखे रांगेत उभे राहायचे.

मी सगळ्यांत वेगात होते. सुरुवातीला कुजबुज झाली की बाई हलकी आहे म्हणून पळते. चाचांनी माझ्या सीटखाली शिशाची वजनं बांधली. तरीही मी पुढेच राहिले, तेव्हा मंडळी आपापल्या कार्टच्या इंजिनांना नावं ठेवू लागली. माणसाला कुठेतरी मन रमवायला लागतंच.

चाचांचा एक नियम होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. तिथे कॅमेरे नव्हते, झेंडे दाखवायला दोन माणसं, तीही बऱ्याचदा मोबाइलमध्ये. त्यामुळे कुणी कुणाला ठोकलं की शर्यत संपल्यावर चाचा सगळ्यांसमोर ज्याला लागलं त्यालाच विचारायचे, ‘गलतीनं, का जाणूनबुजून?’ गलतीनं म्हटलं तर ताकीद, निकाल तसाच. जाणूनबुजून म्हटलं तर ठोकणारा शेवटचा. अपील नाही. त्यांचं म्हणणं, मागचा माणूस ब्रेक दाबत आला का गॅस, हे पुढच्याच्या पाठीला बरोबर समजतं. आणि खरंच, तिथे कुणी खोटं बोलत नसे. एकदा एका सीएनं हातची शर्यत गेलेली असतानाही, ‘नाही चाचा, मीच आडवा आलो,’ असं सांगितलं होतं. मला त्या नियमाचा अभिमान वाटायचा.

त्या वर्षी चाचांचा आखातातला एक जुना मित्र आला. दक्षिणेतल्या एका मोठ्या ट्रॅकवर तो नवशिक्यांसाठी स्पोर्ट्स कारच्या शर्यती भरवायचा. तो म्हणाला, तुमच्या सीझनच्या सगळ्या शर्यती मिळून जो विजेता त्याला माझ्या गाडीत एक शर्यत. खरी स्पोर्ट्स कार, दोन सीटची, जमिनीला पोट टेकल्यासारखी. त्यानं फोटो दाखवला आणि मला दुसरं काही सुचेना. पासबुकं छापताना, भाजी निवडताना तीच गाडी. मला ती सीट हवी होती. आयुष्यात इतकं सरळ, इतकं हावरटासारखं मी दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हे मी नवऱ्याला रोज सांगत होते.

शेवटच्या शर्यतीला गुणांत आम्ही दोघंच उरलो होतो. जो पुढे येईल त्याची सीट. शेवटच्या फेरीत मी पहिली, तो माझ्या मागे. पाण्याच्या टाकीपाशी एक अवघड वळण होतं. मी ब्रेक दाबला, आत वळले, आणि मागून असा दणका बसला की माझी कार्ट गर्रकन फिरून टायरांच्या भिंतीत घुसली. हेल्मेटमधून मला त्याची पाठ दिसली, पुढे जाताना.

शर्यत संपताच तो धावत आला. टायर बाजूला केले, माझे हात हातात घेतले. ‘ब्रेक लागलाच नाही गं. पाय सटकला माझा. कुठे लागलं?’ चेहरा पांढराफटक. माझी कंबर ठणकत होती, आणि कंबर सांगत होती की तो दणका गॅसचा होता. पण मी कंबरेचं ऐकू का नवऱ्याचं?

चाचांनी विचारलं, ‘बोल बेटा. गलतीनं, का जाणूनबुजून?’

घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, ‘आपलेच दात आपलेच ओठ, वहिनी!’ सगळे हसले. मीही हसले.

‘गलतीनं,’ मी म्हणाले.

तो दक्षिणेत जाऊन आला. शर्यतीत नववा आला, पण फोटो झकास आले. पुढच्या रविवारी दुपारी त्यानं ट्रॅकवरच्या मित्रांना घरी जेवायला बोलावलं. मी पापलेटं तळत होते आणि खरं सांगायचं तर आनंदातच होते, घरात एकाला तरी मिळालं म्हणून. त्याचा एक मित्र उलव्याचा, दिलखुलास गडी. ताट घ्यायला स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, ‘वहिनी, तुमी खऱ्या मोठ्या मनाच्या. आमाला वाटलं, तुमी सांगनार. पन ह्यो आदल्या दिवशीच बोल्लेला, ठोकली तरी माजी बायको तोंड उघडनार नाय.’

मी गॅस बंद केला. बाहेर गेले. नवरा मोबाइलवर फोटो दाखवत होता. मी विचारलं, ‘खरं का हे?’

तो जरा चपापला, मग हसला. ‘अगं, त्या वळणावर दुसरा मार्गच नव्हता. आणि दुसरं कुणी पुढे असतं तर ठोकलंच नसतं ना. त्यानं सरळ जाणूनबुजून म्हटलं असतं, मी शेवटचा गेलो असतो.’

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सीट गेली त्याचं दुःख होतंच. पण त्यानं वळणाचा कोन, टायरची पकड, यांच्यासारखंच माझं प्रेमही आधी जोखून ठेवलं होतं, आणि त्याचा हिशोब बरोबर आला होता. चार पाहुण्यांसमोर मी रडले नाही. पापलेटं वाढली. त्यांनी चवीनं खाल्ली.

पुढच्या रविवारी सगळे जमल्यावर मी चाचांना म्हटलं, ‘मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. जाणूनबुजून होतं.’

कुणी हसलं नाही. चाचांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

‘आता सांगून काय फायदा, बेटा? ती सीट तर गेली.’

‘सीट नको. निकाल नीट करा.’

त्यांनी थोडा वेळ दाढी कुरवाळली. मग म्हणाले, ‘तो त्या शर्यतीत शेवटचा. आणि तू सच बोलली नाहीस, म्हणून पुढचा सीझनभर तू सगळ्यांच्या मागून निघायचं. मंजूर?’

‘मंजूर,’ मी म्हणाले. मला ते अगदी बरोबर वाटलं. अजूनही वाटतं.

परतताना गाडी मी चालवली. घरी आल्यावर चपला न काढताच सोफ्यावर बसला. मी पाणी आणून दिलं, ते त्यानं घेतलं नाही.

‘चार लोकांत मला तोंडघशी पाडलंस,’ तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे, आणि त्यात नाटक नव्हतं, एवढं मी त्याला ओळखत होते. ‘माझा विश्वास होता गं तुझ्यावर.’