मारुतीचा हात हलला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. गेल्या महिन्यात मोशीचा मारुती वारला. दहाव्याला घाटावर लोक म्हणत होते, "काय नेम व्हता गड्याचा! पर शेवटी हातानं दगा दिला." मी तिथंच खाली मान घालून उभा होतो. दगा हातानं दिला नव्हता. मी बांधून दिलेल्या रायफलीनं दिला होता, आणि ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

देहूरोडला माझं बंदूक-दुरुस्तीचं दुकान आहे. मारुती पलटणीतून सुटून आलेला. भुईमुगात, उसात रानडुकरं शिरली की इंद्रायणीकाठची गावं त्यालाच बोलवायची. त्याची जुनी रायफल लांब आणि जड. उसात नळी अडकायची, बांधावरून हिंडून खांदा भरून यायचा. "उस्ताद," तो एकदा म्हणाला, "समद्या कामाला एकच बंदूक करून दे. खांद्यावर हाय का न्हाई, कळू नये."

"मग काठीच घेऊन हिंड की!"

"काठीनं डुक्कर मरत आसतं तर तुझ्या दारात कशाला आलो आसतो?"

मी त्याला सगळं समजावलं. वजन उतरवलं की धक्का खांद्याला बसणार, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात हलकी नळी डुलणार, आखूड केली तर कानठळ्या बसणार. त्यानं सगळं कबूल केलं. "धक्का सोशीन मी. गोळी भरायचा बोल्ट तेवढा जुनाच ठेव, चिखलातबी अडत न्हाई." मग मी नळी आखूड करून बारीक उतरवली आणि खांद्याला टेकायचा अक्रोडाचा जड दस्ता काढून हलक्या देशी लाकडाचा बसवला. नळीखालचं पुढचं लाकूड नळीला असं चिकटवून घेतलं की मध्ये फट दिसू नये. हा हट्ट मारुतीचा नव्हता, माझा होता. छावणीतले साहेब ती रायफल हातात घेऊन वाहवा करायचे, आणि मला ते फार आवडायचं...

कोरड्या दिवसांत ती सुरेख चालली. पावसाळ्यात मारुती तेलपाण्याला घेऊन आला. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघायची, ही आमची रीत. पट्टी अडली. लाकूड ओल पिऊन फुगलं होतं आणि नळीला एका अंगानं रेटत होतं. अशी नळी गोळी बाजूला टाकते. लाकूड आतून तासायला हवं होतं. पण मग फट दिसली असती, आणि नीट न मुरलेलं लाकूड मी घाईनं वापरलं हे सांगावं लागलं असतं. मारुती दारात उभा होता. मी रायफल पुसून त्याच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात त्याची गोळी वर्मी न बसता डुकराच्या मागच्या अंगाला लागली. चवताळलेलं जनावर हाकारा घालणाऱ्या सखारामची मांडी फाडून गेलं. सखाराम जगला, पण पाय कायमचा अधू झाला.

मारुतीनं रायफल माझ्यापुढं ठेवली. "उस्ताद, बघ बरं, हिच्यात काय खोट हाय का?"

इतकं सरळ विचारलं होतं त्यानं. मी म्हटलं, "ठेवून जा." तो गेल्यावर लाकूड आतून तासलं, फट दिसू नये म्हणून कडेला काळं मेण भरलं, तेल लावलं, आणि दोन दिवसांनी त्याला जवळच्या दगडखाणीत नेऊन त्याच्यासमोर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका जागी बसल्या. फळीवरची ती भोकं त्यानं बोटानं चाचपली.

"म्हंजी बंदूक सरळ हाय. मंग हात माजाच हलला."

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "वय झालं, मारुती."

पुन्हा त्यानं बंदूक उचलली नाही. दर हंगामाला आधी सखारामचं रान पेरायचा, मग स्वतःचं. गावातली टवाळ पोरं त्याला विचारायची, "नाना, आता चिमणी तरी पडंल का?" तो हसायचा. माझ्या दुकानात आला की मात्र बोलता बोलता उजवा हात पुढं धरून बघत बसायचा. एकदाही तो हात थरथरलेला मी पाहिला नाही.

हे छापून आलं म्हणून माझं देणं फिटत नाही. मारुतीच्या बायकोला वाचता येत नाही, सखारामलाही नाही. मोशीला जाऊन, त्या दोघांसमोर बसून, हे सारं मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे. अजून मी गेलेलो नाही.